खुर्चीमावशींची वही

कुटुंब न्यायालयाच्या तळमजल्यावर, जिन्याच्या शेजारी, मुलांना भेटण्याची एक खोली आहे. महिन्यातून दोन शनिवारी मी माझ्या पाच वर्षांच्या नातीला तिच्या वडिलांच्या भेटीसाठी तेथे नेत असे. खुर्चीमावशींची ओळख मला त्या खोलीत झाली.

भेटीवर देखरेख ठेवणे हे त्यांचे काम होते. पूर्वी वीस वर्षे त्यांनी बालवाडीत मुले सांभाळली होती. त्यामुळे असेल, त्या नेहमी मुलांच्या छोट्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसत. एका वडिलांनी त्यांना एकदा विचारले, की मावशी, सरकारने खुर्ची अर्धीच मंजूर केली का? मावशींनी शांतपणे उत्तर दिले, की खोली लहान माणसांची आहे, मोठी माणसे भांडायला बाहेर बसतात.

आमचे भांडण नातीच्या मनगटावरील डागाचे होते. माझ्या जावयाचे कपड्यांना इस्त्री करण्याचे दुकान आहे. त्याने रागाच्या भरात पोरीचा हात भाजला, असे माझ्या मुलीचे म्हणणे होते. पोरीने स्वतःच गरम इस्त्रीला हात लावला, असे जावयाचे म्हणणे होते. डाग इस्त्रीचा आहे, पण तो कसा पडला हे डागावरून सांगता येत नाही, असे डॉक्टरांनी लिहून दिले. तेव्हा न्यायाधीशबाईंनी ठरवले, की खरे काय ते समजेपर्यंत बापलेकींनी याच खोलीत, मावशींच्या डोळ्यांसमोर, एक तास भेटावे.

मावशी वहीत फक्त डोळ्यांना दिसलेले आणि कानांनी ऐकलेले लिहीत. ‘घाबरली’ असे त्या लिहीत नसत, ‘टेबलाखाली गेली’ असे लिहीत. भेट संपली की त्या टिपण मला वाचून दाखवत आणि माझा अंगठा घेत. मला तेव्हा अक्षर ओळखता येत नव्हते.

आता जे लिहायचे आहे ते लिहिताना मला लाज वाटते, तरी लिहिते. तिसऱ्या भेटीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर मी नातीला हळूच सांगितले, की आत गेल्यावर रडलीस तर आपण लवकर घरी जाऊ. लेकीच्या मायेने माझी बुद्धी आंधळी झाली होती. पोर आज्ञाधारक. वडील आत येताच तिने भोकाड पसरले आणि ती माझ्या पदराआड लपली. मावशींनी तसेच लिहिले. मी अंगठा दिला. त्या टिपणावरून पुढच्या तारखेला एक तासाची भेट अर्ध्या तासावर आली. जावई मान खाली घालून निघून गेला.

त्यानंतरच्या शनिवारी खोलीत पाऊल ठेवताच नातीने माझा हात ओढून विचारले, “आजी, आज किती रडू?”

मावशी समोरच बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पेन उघडून ते वाक्य वहीत लिहिले. भेट संपल्यावर मी हात जोडून विनवले, की एवढी एक ओळ खोडा, माझी लेक मला घरात घेणार नाही.

“आजी, आज तुमच्यासाठी खोडलं, तर उद्या दुसऱ्या कुणासाठी खोडावं लागेल,” त्या म्हणाल्या. “मग या पोरीचं खरं कुठे सापडायचं?”

त्याच पानावर त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली होती: वडिलांनी मनगटाला हात लावला तेव्हा मुलीने हात मागे घेतला. त्यांनी कोणाचीच बाजू घेतली नाही. पुढच्या तारखेला त्यांनी न्यायाधीशबाईंना स्वतःहून सांगितले, की माझे आधीचे टिपण अपुरे होते, मी दाराच्या आतलेच लिहिले, बाहेर काय घडले ते नाही. मग मला विचारण्यात आले आणि मी सर्व कबूल केले. न्यायालयाच्या समुपदेशकांनी दुकान पाहिले. इस्त्रीचे टेबल पोरीच्या खांद्याइतकेच उंच होते. राग होता की निष्काळजीपणा, हे शेवटपर्यंत कोणी छातीठोकपणे सांगू शकले नाही. म्हणून निकालही सावध लागला. नातीने दर रविवारी दिवसभर वडिलांबरोबर राहावे, पण आत्याच्या घरी आणि आत्याच्या समोर. दुकानात पाऊल ठेवू नये, रात्रीचा मुक्काम करू नये. सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे.

लेक माझ्याशी तीन आठवडे बोलली नाही. दुधाने तोंड पोळलेल्या माणसाने ताकही फुंकून प्यावे, तशी ती आजही रविवारी संध्याकाळी पोरीचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहते. मी तिला दोष देत नाही.

खोलीतील शेवटच्या भेटीच्या दिवशी मी सवयीने अंगठा पुढे केला. मावशींनी शाईचा डबा उघडला, पण पुढे सरकवला नाही.

“आजी, एक मागू का?” त्या म्हणाल्या. “वाचायला शिका. एकदा माझी वही मलाच वाचून दाखवा, आणि दाराबाहेरचं काही राहिलं असेल तर सांगा.”