गुरुवारची चप्पल

उंब्रजला हायवेच्या कडेला जाफरचं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान. ट्रकवाल्याची पाठ दुखू नये म्हणून स्पंज कुठं भरायचा आणि कुठं काढायचा, हे त्याच्या हातालाच कळायचं. माणूस तोंडाळ, आणि स्वतःच्या कामाचं कौतुक करण्यात तर एक नंबर. "माझ्या सीटवर बसलेला उठायचं नाव काढत न्हाई," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. लोक हसायचे, पण सीट त्याच्याकडूनच करून घ्यायचे.

या जाफरला डॉक्टर राजवर्धन यांनी आपल्या दवाखान्यात ओढलं. दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. पेशंट सगळे हातावर पोट असलेले, वीटभट्टीवरचे, रानात मजुरीला जाणारे. नुसत्या गोळ्यांनी या माणसांचं भागत नाही, असं डॉक्टरांचं ठाम मत. म्हणून जखमा बांधायला सबीना सिस्टर, खाण्यापिण्याचं सांगायला कराडहून येणारी एक मुलगी, आणि साखरेच्या आजारानं पाय बधिर झालेल्यांना मऊ चपला करून द्यायला जाफर. दर गुरुवारी दुपारी सगळे पडवीत चहा घेत एकेका पेशंटवर बोलायचे. "जाफरभाई, तुमचं काय मत?" असं डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा गडी हातातला कप खाली ठेवून ताठ बसला. घरी जाऊन त्यानं बायकोला, नूरजहांला, ते इतक्यांदा सांगितलं, की ती बिचारी कंटाळली.

त्याच्या हातची पहिली चप्पल रंगूबाईची. रंगूबाई दुसऱ्यांच्या उसात तण भांगलायला जायची. डाव्या तळव्याला जखम, पण खडा रुतला तरी पत्ता लागायचा नाही. ही जखम भरली नाही तर पाय काढावा लागेल, असं डॉक्टरांनी तिला तोंडावर सांगितलं होतं. जाफरनं कागदावर तिचे दोन्ही पाय उमटवून घेतले. जखमेखालचं रबर कोरून मोकळं केलं, वर तपकिरी कातडं चढवलं, कडेनं दुहेरी शिलाई मारली. रंगूबाईनं चपलेवरून हात फिरवला.

"असली चप्पल माझ्या लग्नातबी न्हवती रं बाबा," ती म्हणाली. जाफरला त्या दिवशी जेवण गेलं नाही इतका आनंद झाला.

दर गुरुवारी रंगूबाई ती चप्पल घालून यायची. जखम जरा सुकायची आणि पुन्हा उघडायची. पडवीत सगळे डोकं धरून बसायचे. डॉक्टरांनी औषध बदललं. सबीनानं पट्टी बांधायची पद्धत बदलली. कराडच्या मुलीला वाटलं, बाई लपूनछपून गूळ खाते. जाफरनंही तिला छेडलं, "मावशी, खरं सांगा, डब्यात हात जातो न्हवं?" रंगूबाई गळ्याची शपथ घ्यायची, आणि कुणी फारसा विश्वास ठेवायचं नाही.

चपलेवर मात्र कुणाचा संशय नव्हता. उलट एका गुरुवारी जाफरनंच ती उचलून सगळ्यांसमोर उलटी धरली. "बघा सायेब, एवढे म्हैने झाले, सोलला वरखडा न्हाई. हाय का बाजारात असलं काम?" सगळ्यांनी वाहवा केली. दाराशी बसलेली रंगूबाईसुद्धा कौतुकानं हसली.

पावसाळ्यात तिचा पाय सुजला, काळा पडला. बातमी कळताच जाफर तिच्या घरी धावला. तोवर मुलानं तिला कराडला नेलं होतं. सून अंजना पिशवीत कपडे भरत होती. तिनं ट्रंक उघडली आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली चप्पल वर काढली.

"ही हितं कशी?" जाफर म्हणाला. "मग रानात काय घालून जात व्हत्या?"

"रानात अनवाणीच की. जाफरनं एवढा जीव लावून केलीया, चिखलात कशाला घालू, असं म्हणायच्या. गुरुवारी तेवढी घालायच्या, दवाखान्यात जाताना. आल्या की पुसून ठिवायच्या."

जाफरनं चप्पल हातात घेऊन उलटी केली. अशीच कोरी चप्पल त्या गुरुवारी त्यानं स्वतः सगळ्यांसमोर धरली होती. डॉक्टर रक्तातली साखर बघत होते, सिस्टर जखम बघत होती, ती मुलगी ताट बघत होती. सोल बघायचं काम त्याचं होतं, आणि त्यानं त्यात स्वतःची कारागिरी तेवढी पाहिली. त्याला स्वतःची किळस आली.

डावा पाय गुडघ्याखालून काढला. जाफर भेटायला गेला तेव्हा रंगूबाई उशीला टेकून बसली होती. लहान पोरासारखा तो हुंदके देऊ लागला.

"गप रं," ती म्हणाली. "तू काय केलंस? चप्पल तर लय चांगली व्हती. आता उजवी हाय की माझ्या कामाला. जपून वापरीन मी, तुझी मेहनत वाया जायाची न्हाई."

जाफरनं तिचा उरलेला पाय दोन्ही हातांनी धरला.

"जपू नका, मावशी. घरात घाला, रानात घाला, चिखलात घाला. फाटली तर मी दुसरी शिवीन, तिसरी शिवीन. पर झिजवा ओ, तुमच्या पाया पडतो, झिजवा."

रंगूबाईनं त्याच्याकडं नवलानं पाहिलं.

"एवढी चांगली?" ती म्हणाली.