फोटो न देणारे भाऊ

या पृथ्वीतलावर जनसंपर्काच्या कामाला सर्वांत नालायक माणूस कोण, असं कोणी मला विचारलं तर मी डोळे मिटून आमच्या भाऊंकडे बोट दाखवीन, आणि लगेच वाकून त्यांच्या पाया पडीन. मी चंद्रपूरजवळच्या घुग्घुसची. नागपुरात पत्रकारिता शिकत होते आणि तीन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी चंद्रपूरच्या एका आरोग्य संस्थेत, जनसंपर्क विभागात रुजू झाले. विभाग म्हणजे भाऊ. एक टेबल, एक खुर्ची, आणि त्या खुर्चीवर भाऊ कधीच नसायचे. पहिल्या दिवशी त्यांनी माझी फाईल उघडलीसुद्धा नाही. "मयतीले जाता येते काय तुले?" एवढंच विचारलं. मी हादरलेच! कॉलेजात प्रेस नोट शिकवली होती, सोशल मीडिया शिकवला होता, मयत कोणी शिकवली नव्हती.

पुढे तर रोज नवा धक्का. भाऊंच्या मते जनसंपर्क म्हणजे लोकांच्या घरी जाणं, बाकी सगळी रद्दी. ते तेरवीला जायचे, बारशाला जायचे, कोणाची म्हैस व्याली तर खरवस खायला जायचे आणि वहीत ‘क्षेत्रभेट’ लिहायचे. मोटारसायकल अशी हाकायचे की सायकलवाले म्हातारे घंटी वाजवून पुढे निघून जात. वाटेत जो दिसेल त्याच्यापाशी ब्रेक. "काऊन गा, धान निसवला काय?" संस्थेचा कॅमेरा कपाटात कुलूपबंद आणि किल्ली भाऊंच्या कमरेला. एकदा मुंबईहून देणगीदार आले आणि पेशंटांसोबत फोटो हवा म्हणाले. भाऊंनी त्यांना चिंचेखाली ओळीनं उभं केलं आणि त्यांचाच फोटो काढला, झाडासकट. वर म्हणतात, "साहेब, झाड लय जुनं हाय." आमच्या संचालकांनी कपाळाला हात लावला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि इकडे माझा जीव टांगणीला. छापून आलेली एक तरी बातमी अहवालाला जोडल्याशिवाय कॉलेज मला पास करणार नव्हतं. तिसऱ्या महिन्यात आरमोरीच्या पुढे एका गावात सिकलसेलच्या तपासणीचं शिबिर झालं. रक्तातला हा आजार आईबापांकडून येतो. आमच्याकडे आजाऱ्याला लाल कार्ड, आणि स्वतः ठणठणीत असून आजार पुढच्या पिढीत नेऊ शकणाऱ्याला पिवळं. एक पोरगी पिवळं कार्ड हातात धरून माझ्याकडे बघून गोड हसली. मी मोबाईलवर फोटो काढला आणि नावगावासकट चंद्रपूरच्या एका पेपरला तिथूनच पाठवला. ‘उद्या पहिल्या पानावर,’ वार्ताहराचा निरोप आला. मी नाचतच भाऊंना सांगायला गेले.

भाऊ पांढरेफटक पडले. "अवं बाई, काय करून बसली तू? तिले पाहाले पाहुणे येऊन राह्यले रविवारी!"

"मग काय लपवायचं, भाऊ?"

"लपवा कोण म्हणते? सांगन ना ते पोरगी. ज्याले सांगाचं त्याले, आपल्या तोंडानं. साऱ्या जिल्ह्याले सांगणारे आपण कोण?"

वार्ताहराचा फोन बंद. भाऊंनी गाडी काढली, मी मागे बसले. शंभरावर किलोमीटर! ओळखीची माणसं रस्त्यात हात करत राहिली, पण भाऊ एकापाशीही थांबले नाहीत. दिवेलागणीला पेपरच्या कचेरीत पोचलो, तर संपादक म्हणाले, पान लागलंय, आता बदलता येणार नाही. भाऊंनी वाद घातला नाही. टोपी काढून हातात घेतली आणि टेबलासमोर उभे राहिले. "हे पोर आमची हाय, साहेब. चूक बी आमचीच." बसा म्हटलं तरी बसेनात. अर्ध्या तासानं संपादकांनीच कंटाळून पानावरून फोटो काढायला लावला आणि तिथे जाहिरात टाकली. मी जिन्यात बसून ढसाढसा रडले. भाऊंनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण ते शेजारी बसले आणि म्हणाले, "माह्या हातून बी गेला होता असा एक फोटो. अकरा वर्षं झाली. त्या पोरीची सोयरीक मोडली, गाव सोडून गेली. माय हाय गावात."

रविवारी पिवळ्या कार्डवाल्या पोरीनं पाहुण्यांना स्वतःच सांगितलं. मुलानंही तपासून घेतलं, त्याच्यात काही निघालं नाही, आणि जमलं म्हणे. कॉलेजनं मला पुन्हा इंटर्नशिप करायला लावली, ते सोडा.

शेवटच्या दिवशी भाऊ मला त्या मायकडे घेऊन गेले. अकरा वर्षं ते दर महिन्याला जात होते आणि अकरा वर्षं ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. ती अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होती. आम्ही ओसरीच्या कडेला बसलो. बऱ्याच वेळानं तिनं सूप खाली ठेवलं आणि भाऊंकडे पाहिलं.

"हे कोणाची पोर व्हय?"

भाऊ टोपी काढून उठून उभे राहिले. मीच म्हणाले, "भाऊंची."

परतताना भाऊ आपली गाडी तिच्या अंगणातच विसरून पार गावाबाहेर चालत आले. मीही त्यांना आठवण करून दिली नाही.