दुरून श्वास ऐकणाऱ्या वसुधाताई

वसुधाताई मोघे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या खुर्चीवरून उठत होत्या आणि पुन्हा बसत होत्या. चिंचवडच्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्टच्या जागेसाठी मी मुलाखतीला गेले होते. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या वयस्कर मंडळींकडून बेताबेतानं व्यायाम करून घेऊन त्यांना हिंडतंफिरतं करणं, हे ताईंच्या विभागाचं काम. टेबलावर फोन ठेवलेला होता आणि त्याच्या पडद्यावर राजगुरुनगरचे एक निवृत्त कामगार आपल्या घरात ताईंबरोबर उठबस करत होते. ताईंनी मला खुणेनंच समोरची खुर्ची दाखवली. मी बसले. त्यांनी पुन्हा खूण केली : उठा. दहा मिनिटं आम्ही तिघं एका लयीत उठत-बसत राहिलो. फोन ठेवल्यावर ताईंनी एकच प्रश्न विचारला, "त्यांचा श्वास ऐकू आला का तुम्हाला?"

"नाही," मी म्हणाले.

"खरं बोलता. उद्यापासून या."

फोनवरून व्यायाम ही कल्पना तेव्हा रुग्णालयात फारशी कुणाला रुचली नव्हती. "उद्या कुणाला काही झालं, तर जबाबदार कोण?" असं ताईंना तोंडावर विचारलं गेलं. ताईंचा आवाज चढला नाही. चाकणच्या चौकातली गाड्यांची रांग पार करून, छातीवरची जखम सांभाळत माणूस इथवर येतो, पाऊण तास व्यायाम करतो आणि थकून परत जातो; चौथ्या खेपेला तो येतच नाही, हे त्यांनी शांतपणे मांडलं. पहिली तपासणी रुग्णालयातच होईल, ज्यांना धोका जास्त ते इथेच येतील आणि बाकीच्यांच्या घरी व्यायामाच्या वेळी कुणीतरी सोबत असेल, एवढ्या अटी त्यांनी स्वतःच घालून घेतल्या.

मग सकाळचा वर्ग सुरू झाला. त्या सकाळी आठवल्या की अजूनही अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटतं. पडद्यावर एकेक चौकोन उजळत जाई. कुठे देवघरातली समई, कुठे वाळत घातलेली साडी, कुठे नुसतं धुकं. त्यातून ही सारी मंडळी संथपणे चालत असत, पाण्याखालून चालावं तशी. ताई हलकेच म्हणत, "घाई नाही. आपल्याला कुठेही पोचायचं नाहीये." आयुष्यभर शिफ्टच्या भोंग्यावर धावलेली माणसं ते वाक्य ऐकून हसत आणि त्यांचे खांदे सैल पडत.

या वर्गात माण गावचे गेनूआप्पा होते. बायपास झाल्यापासून त्यांनी जिन्याची धास्ती घेतली होती. मुलानं बांधलेल्या तीन मजली घरात ते तळमजल्यावरच राहत. चालताना दम लागतोय का हे कळावं म्हणून ताई प्रत्येकाला बोलतं ठेवत. आप्पांना त्यांनी विचारलं, "तुमच्या शेतांची नावं काय होती?" ती शेतं कधीच विकली गेली, आता तिथे आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत. पण आप्पा खोलीत फेऱ्या मारत सांगू लागले, "वरलं वावर, चिंचंचा पट्टा, वढ्याकडचं..." त्यांचे डोळे अर्धे मिटत, पाय जणू बांधावरून पडत.

एके सकाळी 'वढ्या' म्हणून ते थांबले, श्वास घेतला आणि मग 'कडचं' म्हणाले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बोटाला लावलेल्या यंत्रावरचे आकडेही ठीक होते. ताईंनी मात्र त्यांना लगेच बसवलं.

"काय न्हाई ताई, झोप न्हाई झाली जरा."

"सूनबाई, त्यांच्या घोट्याजवळ बोट दाबून धरा बरं."

सुनेनं, संगीतानं, बोट उचललं. खळगा तसाच राहिला. पायांत पाणी साठू लागलं होतं. ताईंनी त्याच तासाला त्यांना रुग्णालयात आणवलं. हृदयावर पुन्हा ताण येत होता. वेळेवर आले म्हणून निभावलं.

दुपारी आम्ही दोघी त्यांच्या खाटेपाशी गेलो. आप्पा भिंतीकडे तोंड करून होते. "लघवीची गोळी म्याच बंद केली व्हती. पुतणीच्या लग्नात सारकं उठाया लागंल म्हून," ते म्हणाले. मला वाटलं, आता ताई रागावणार. ताई स्टूल ओढून बसल्या. "आप्पा, हे तुम्हाला मला सांगावंसं वाटलं नाही, म्हणजे माझंच विचारायचं राहिलं." आप्पांनी कूस बदलून ताईंचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. दुसऱ्या दिवसापासून वर्गातला पहिला प्रश्न बदलला : "कुठली गोळी नकोशी झालीय?" आजही आम्ही तोच विचारतो.

डॉक्टरांच्या परवानगीनं आप्पा परतले. पायरीपायरीनं सराव करून, मध्ये थांबत, एका सकाळी ते गच्चीवर पोचले. संगीतानं फोन धरला होता. आप्पांनी इमारतींकडे बोट करत एकेक वावर दाखवलं. इमारती धुक्यात निम्म्या बुडाल्या होत्या. वर्गातल्या सगळ्यांनी चालणं थांबवून पाहिलं. "दिसतंय का ताई?" त्यांनी विचारलं. "दिसतंय हो," ताई म्हणाल्या, आणि खरोखर आम्हा सर्वांना ते दिसत होतं.

माझी आई गेली तेव्हा मी पाचव्या दिवशी कामावर यायला निघाले होते. ताईंचा फोन आला, "येऊ नका. कॅमेरा बंद ठेवा, काही बोलू नका. फक्त आमच्याबरोबर चाला." देहूरोडच्या माझ्या घरात मी त्या आवाजामागून चालत राहिले. आई गेल्यानंतर त्या सकाळी मला पहिल्यांदा भूक लागली.

आज ताई साठ वर्षांच्या होत आहेत. या गौरवग्रंथाविषयी बोलायला गेले तेव्हा त्या नको नको म्हणत हात हलवत होत्या. तो हात मी धरला आणि गुपचूप नाडी मोजली. इतक्या वर्षांत त्यांची नाडी कुणी मोजलीच नव्हती. त्यांनी विचारलं, "किती?" मी आकडा सांगितला नाही. ठोके संथ होते, सारख्या अंतरानं पडत होते. ते असेच वर्षानुवर्षं पडत राहोत, ताईंना उदंड आणि निरामय आयुष्य लाभो, आणि त्यांनी आता कधीतरी आम्हालाही त्यांची काळजी घेऊ द्यावी, एवढंच मागणं.