रुंद धाव

बैलगाडीच्या चाकाला धाव, म्हणजे भोवतीचा लोखंडी पट्टा, रुंद बसवावी की अरुंद, यावर दोन पुरुष किती भांडू शकतात हे मला माझ्या पहिल्या गरोदरपणात कळलं. कोल्हापुरात पंचगंगेकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका लोहाराचं छप्पर होतं. समोरच्या चिंचेखाली बोचकं मांडीशी धरून मी बसले होते, आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

महाराजांच्या अमदानीतली गोष्ट. माझं सासर शिरोळकडं, कृष्णाकाठच्या काळ्या रानात, आणि माहेर कोडोलीला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचा रिवाज सगळ्यांचाच, पण मला रिवाजाचं काही पडलं नव्हतं. मला मरणाची भीती वाटत होती. आदल्या पावसाळ्यात आमची थोरली जाऊ पहिल्याच बाळंतपणात गेली होती. मी तेव्हा माहेरी होते, आणि ती कशी गेली हे घरात कुणी बोलत नसे. मी विचारलं की सासूबाई चुलीत फुंकर घालायला लागायच्या. आणि तिचीच खोली मला दिलेली. कोडोलीला माझी आई गावच्या बायकांची बाळंतपणं करायची. तिचा हात लागला तर मी जगेन, नाहीतर नाही, हे मी मनाशी घट्ट धरून बसले होते.

त्यात आठव्या महिन्याची आडकाठी. सातव्यात नाहीतर नवव्यात पोटुशी बाई माहेरी जाते. आठवा लागला की वेस ओलांडायची नाही, हा आमच्याकडचा दंडक. नवव्यापर्यंत थांबावं, तर पावसानं वाटा बंद. सासूबाईंच्या हिशेबानं अवसेला मला आठवा लागत होता. निघताना त्यांनी बजावलं होतं, "अवसंच्या आत पोचत नसला, तर तिथनंच माघारी फिरा." माझा नवरा आणि सासरे, दोघांनी मिळून गुळाची शेवटची खेप कोल्हापूरच्या पेठेत उतरवायची आणि तशीच मला पुढं कोडोलीला पोचवायची, असं ठरलं होतं. आणि नेमका कोल्हापूर दिसायला लागल्यावर एका धावेचा सांधा उकलला. दुसरीही झिजून पातळ झाली होती.

एवढ्यावर भागलं असतं तरी बरं. पण आम्ही पडलो नदीकाठची माणसं. उन्हाळ्यात चाकं खिळखिळी झाली की आमच्याकडं गाडी सरळ नदीत उभी करतात. लाकूड फुगतं, सांधे आवळतात, चार दिवस काम चालतं. सवयीप्रमाणं यांनी मुक्कामाला पोचल्यावर गाडी पंचगंगेत ढकलली आणि सकाळी ठिबकत्या चाकांसकट लोहारापुढं नेऊन उभी केली.

लोहारानं चाकावर बोट दाबलं आणि कपाळावर हात मारला. "पावणं, चाक हाय का म्हस? नदीत कशापायी बसवताय?"

"आवळावं म्हून," हे म्हणाले.

"आवळलं न्हाय, फुगलंय. ओल्या लाकडावर मी धाव चढवत न्हाय. वाळलं की लाकूड आकसंल, धाव गळून पडंल, आन् तुमी माझ्या नावानं बोंब मारशीला."

चाकं काढून उन्हात टेकवली. वाळतील तेव्हा वाळतील. अवस परवावर आलेली, आणि पन्हाळ्याच्या अंगाला ढग जमायला लागलेले. मी एकदा चाकाकडं बघायची, एकदा ढगाकडं. उठून पदरानं चाकं पुसावीत असंही वाटून गेलं. भीतीनं माणूस किती खुळं होतं!

रिकामा वेळ मिळाला आणि बाप-लेकांची जुंपली. लोहारानं दोन्ही तऱ्हेचे पट्टे पुढं टाकून सांगितलं, "रुंद धाव चिखलात बुडत न्हाय. पर वजनाला जड, चढाला बैलांचा दम काढंल. अरुंद दगडावर बरी, हलकी चालती. काळ्या रानात मातुर सुरीगत आत जाती. कुठं जायाचंय त्ये बोला."

तेवढ्यात रस्त्यानं एक मोटार धुरळा उडवत गेली. संस्थानात तेव्हा मोटार दिसली की माणसं हातातलं काम सोडून बघत. लोहार म्हणाला, "तिची धाव रबराची. बगा, येती का तुमच्या रानात!"

हे म्हणाले, "आबा, अरुंद घिऊ. पुढं सगळा मुरूम आन् चढ हाय. अवसंच्या आत पोचाय पायजे."

मामा म्हणाले, "रुंद."

एवढंच. मामा म्हणजे माझे सासरे. त्यांचं बोलणं असंच, एका शब्दाचं. सुनेनं त्यांच्यापुढं तोंड उघडायचं नाही, म्हणून मी चिंचेखाली गप्प, पण मनात नुसता जाळ. म्हाताऱ्याला आपल्या उसाच्या रानाची पडलीय, मी मेले काय नि जगले काय, दुसरी सून मिळेल. रुंद धावेनं बैल चढावर अडतील, अवस उलटेल, मला माघारी त्या खोलीत नेतील. उकललेली धाव मऊ रानातनं घरापर्यंत कशीबशी गेली असती, दगडावर मात्र टिकली नसती. म्हणजे माघारीची वाट मोकळी आणि आईची बंद.

हे पुन्हा म्हणाले, "आवो, ती कोडोलीत ऱ्हाणार. आपल्या चिखलाचा तिच्याशी काय संबंद?"

मामा एकदम ओरडले. एवढा मोठा त्यांचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. "थोरलीला दवाखान्यात न्हेताना गाडी कुठं बसलीती? इसरलास? निम्मं चाक आत गेलतं, पार मधल्या तुंब्यापतूर! अरुंद धाव मीच बसवलीती, हलकी चालती म्हून!" मग आवाज उतरला. "सांगावा येतो तवा पाऊसच असतो. उद्या कोडोलीतनं आला तर? रुंदच बसवायची."

तेव्हा मला कळलं ती कशी गेली ते. भर पावसात, चिखलात रुतलेल्या गाडीत, आणि हा माणूस चाकाला खांदा लावून उभा. लोहारानं अरुंद पट्टा उचलून आत टाकला.

चाकं दुसऱ्या दिवशी दुपारी वाळली. लोहारानं शेणी पेटवून धाव लालबुंद केली, सांडशीनं उचलून चाकावर घातली, घणानं बसवली आणि वर पाणी ओतलं. वाफेचा लोट उठला, लाकूड करकरलं. त्यानं चाक वाजवून बघितलं आणि म्हणाला, "आता न्हाय हलत."

पुढचा रस्ता म्हणजे माझी सत्त्वपरीक्षा. धाव जड ती जडच. चढ आला की बैल तोंडाला फेस आणायचे, खुरं दगडावर घसरायची, आणि गाडी मागं सरायची. प्रत्येक चढाला मामा उतरून चाकाला खांदा लावत. त्यांची छाती भात्यासारखी वरखाली व्हायची. न राहवून मी "उतरते, चालते" असं म्हणाले, तर माझ्याकडं न बघताच म्हणाले, "बस." अवस त्या दिवशी तिन्हीसांजेला लागत होती, त्याच्या आत आम्ही कोडोलीच्या वेशीत शिरलो. मामा पाणी प्यायले, त्यांनी बैलांना वैरण टाकली, आणि पहाटे दोघं परत गेले. निघताना मामा माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत.

श्रावणात मी बाळंत झाले. आईचा हात होता, तरी चौथ्या दिवशी ताप भरला तो उतरेना. आईचा चेहरा बघून मी काय ते ओळखलं. मला सारखी थोरली दिसायची. भाऊ घाबरला आणि शिरोळकडं निघालेल्या एका ओळखीच्या माणसाजवळ त्यानं सांगावा धाडला, की पोरीचं काही खरं नाही, निघून या. कृष्णेचं पाणी नुकतंच ओसरलेलं, रानात गुडघा गुडघा गाळ. आई म्हणाली, या दिवसांत तिकडनं कोण येतंय?

ताप उतरला त्याच्या दुसऱ्या दिवशी अंगणात गाडी वाजली. मी आतल्या खोलीत पडून होते, पण दार उघडं होतं. मामा एकटेच आले होते. कमरेपर्यंत चिखल, बैलही ओळखू येत नव्हते. ते पायरी चढले नाहीत. खालूनच त्यांनी आईला विचारलं,

"सून हाय न्हवं?"

"हाय की! ताप बी उतरला. या, वर या."

ते वर आले नाहीत. तिथंच अंगणात, ओल्या मातीत बसले आणि डोकं गुडघ्यात घालून मोठ्यानं रडायला लागले. आत मीही रडत होते. सख्ख्या बापासाठी मी कधी इतकी रडले नव्हते.

मुलगा झाला की मुलगी, हे त्यांनी जेवायला बसल्यावर विचारलं.