पाहुणे आले की पोरं मागं

आमच्या घरात एक नियम आहे, आणि तो का आहे हे विचारायचं नाही हाही त्या नियमाचाच भाग आहे. पाहुणे आले की घरातली पोरं मागं. मागं म्हणजे पडवीत नव्हे, पार वरच्या पाड्यावर, मामाकडे. पाहुण्यांची गाडी घाट उतरून जाईपर्यंत.

पाहुणेच येत नव्हते तोवर हा नियम मला कधी टोचला नाही. मग मी नाशिकला राहून पर्यटनाचा डिप्लोमा केला, पोशेऱ्याजवळच्या आमच्या पाड्यावर घराच्या दोन खोल्या रंगवल्या, आणि ठाण्या-पुण्याची कुटुंबं पोराबाळांसकट मुक्कामाला येऊ लागली. त्यानंतर किस्से साठायला वेळ लागला नाही. शहरातली पोरं जाताना हमखास एक चप्पल विसरतात. आमच्या ओटीखाली त्यांचा ढीग झालाय. एकीचीही जोडी लागत नाही, पण प्रत्येकीचा किस्सा मला पाठ आहे.

पण आता हे किस्से नुसते हसून सोडून देता येत नाहीत. माझ्या दादाची मुलगी सोनी सहा वर्षांची आहे. पाऊस संपला की दादा-वहिनी भिवंडीकडे कामाला जातात आणि सोनी आमच्याकडे राहते. पाहुणे वाढले तशा तिच्या वरच्या पाड्याच्या खेपा वाढल्या. मग आजा, बाबा आणि मोठे काका या तिघांनी ओटीवर बसून ठरवलं की जूनमध्ये सोनीला आश्रमशाळेत टाकायचं. तिथंच राहील, तिथंच जेवेल, रोजची येरझार नको. पाड्यावरची शाळा आमच्या अंगणातून दिसते, तरी.

म्हणजे धंदा काढला मी, आणि त्यात घराबाहेर निघाली माझी भाची. डिप्लोमात याला काय म्हणतात ते शिकवलं नव्हतं.

*

पहिलं कुटुंब ठाण्याचं. आईबाप आणि पाच वर्षांचा आरव. मी दोन दिवसांचं वेळापत्रक छापून भिंतीला लावलं होतं. सूर्योदय दर्शन, निसर्ग भ्रमंती, धबधब्याची माहिती, सांस्कृतिक संध्या. सांस्कृतिक संध्या म्हणजे मोठ्या काकांनी तारपा वाजवायचा आणि मी मध्येमध्ये बोलायचं.

आरव पहिल्या सकाळी अंगणात आला, त्याला कोंबडीचं डालगं दिसलं, आणि तो त्याच्यासमोर मांडी घालून बसला. सूर्य उगवला, त्याने पाहिला नाही. आम्ही भ्रमंतीला गेलो, तो आला नाही. शेवटी त्याचे वडील त्याच्याशेजारी बसले. मग आईही बसली. तिघं मिळून कोंबडी बघत होते, आणि मी त्यांच्यामागे उभी राहून धबधब्याची माहिती सांगत होते.

दुपारी कोंबडीने अंडं दिलं. आरवने ते दोन्ही हातांत घेतलं आणि कुजबुजला, "गरम आहे."

जाताना त्याच्या आईने मला विचारलं, "जाहिरातीच्या फोटोंत तुम्ही कोंबड्या का नाही दाखवल्या?"

काय सांगणार? अंगण नीट दिसावं म्हणून मी प्रत्येक फोटोतून त्यांना कापून टाकलं होतं. तासभर खपून.

*

जेवणाचा घोळ त्याहून मोठा. आजी चुलीवर नागलीच्या भाकरी करते. मोठ्या काकांचं मत पडलं, "काळी भाकर शहरवाल्यांच्या पुढं ठेवशील? नाक कापशील आमचं." ते मोखाड्याला गेले आणि पाव, नूडल्स आणि रंगीत सरबताच्या बाटल्या घेऊन आले. मी मात्र सुशिक्षित, म्हणून मी पनीर बटर मसाला केला. मोबाइलवर बघून केला. रेंज गेल्यामुळे अर्धा बघून केला.

डोंबिवलीची चार वर्षांची मुलगी होती. तिने पनीर बाजूला सारलं, पाव बाजूला सारला, उठली आणि चुलीपाशी जाऊन बसली. आजीने घाबरून माझ्याकडे पाहिलं. मुलीने हात पुढे केला. आजीने तिला भाकरीचा तुकडा दिला. मग अर्धी. मग आख्खी. वर ती मुलगी एवढंच म्हणाली, "ही चॉकलेटची आहे ना? आईला सांगू नका."

मोठे काका दारातून बघत होते. मला बाजूला घेऊन त्यांनी गंभीरपणे विचारलं, "वनू, तिकडं शहरात पोरांना उपाशी ठेवतात का गं?"

सोनी त्या दिवशी वरच्या पाड्यावर होती. तिच्या वाटणीच्या नूडल्स काकांनीच खाल्ल्या.

*

गणपतीच्या सुट्टीत सोनीने नियम मोडला. तिघं भावंडं आली होती, सगळ्यात मोठा नऊ वर्षांचा. सकाळी न्याहारीनंतर तिघं गायब. त्यांचे वडील हाका मारत फिरले, मी हाका मारत फिरले, आणि खाली ओहोळावर आम्हाला चार डोकी दिसली. सोनी वरच्या पाड्यावरून एकटीच उतरून आली होती. काठीला गांडूळ बांधून मुठे कसे पकडायचे याचा वर्ग चालू होता. मुठे म्हणजे आमच्या खाचरांतले छोटे खेकडे.

"मागनं धर. मागनं. तोंडाकडनं धरलास तर तो तुला धरंल."

नऊ वर्षांचा मुलगा "हो मॅडम" म्हणाला. मला आजवर एकाही पाहुण्याने मॅडम म्हटलेलं नाही.

तेवढ्यात आजा धापा टाकत आला. त्याने त्या वडिलांपुढे हात जोडले. "माफी करा साहेब. पोर चुकून आली. परत नाय येणार."

त्या माणसाला कळेचना की माफी कशाची. तो म्हणाला, "अहो बाबा, यांनी सकाळपासून मोबाइल मागितला नाही." आजाचे हात तसेच जोडलेले.

संध्याकाळी मी आजाला धरलं. "चुकून म्हणजे काय? ती घरात राहते."

"आमी राबायचो त्या शेठच्या वाड्यावर पाहुणे यायचे तवा आमची पोरं गोठ्यामागं बसायची," आजा म्हणाला.

"मग? इथं शेठ कोण आहे?"

"आमी नाय विचारलं कधी. तू काहाला विचारतंस?"

मी बी.ए. आहे, वर डिप्लोमा आहे, कॉलेजात वादविवादात बक्षीस आहे. मला उत्तर सुचलं ते दुसऱ्या दिवशी दात घासताना. तोवर सोनी वरच्या पाड्यावर गेली होती.

*

नाताळात पुण्याहून इरा आली. सात वर्षांची. तिच्या आईने फोनवर सहज सांगितलं होतं की मागच्या वर्षी ते तिघं मेक्सिको फिरून आले. माझी झोप उडाली. मेक्सिको पाहिलेल्या पोरीला मी काय दाखवू, पाण्याची टाकी? मी टेकडीवर जिथं रेंज येते तिथं बसून मेक्सिको वाचून काढला. त्या गडबडीत सोनीला वर पाठवायचंच राहिलं. खरं तर पाठवलं नाही. आजा बाजाराला गेला होता.

इरा आल्या आल्या मी माझं ज्ञान पाजळलं. "मग, पिरॅमिड कसे होते?"

"खूप उन्हात चालायला लागलं."

"आणि समुद्र? निळाशार असतो ना तिथं?"

"खारट होता."

मी हरले. सोनीने सरळ विचारलं, "मग तुला आवडलं काय?"

इराने खूप विचार केला. "बाजारात एक आजी होती. ती मक्याच्या पोळ्या करत होती. तिने मला पीठ दिलं. माझी वाकडी झाली. तिने टाकली नाही, भाजली आणि स्वतः खाल्ली. तिची नात होती. तिने मला तिचं कुत्र्याचं पिल्लू दिलं धरायला. आणि आई-बाबा दोघं एकाच वेळी तिथंच होते. सगळा दिवस. फोन नव्हता कुणाकडे, चार्जिंग संपलेलं."

"पुन्हा जायचंय?" मी विचारलं.

"रोज विचारते मी त्यांना."

एवढे पैसे भरून मी जे शिकले त्यात 'आकर्षण स्थळे' असा आख्खा विभाग होता. त्यात वाकडी पोळी खाणारी आजी नव्हती.

सोनी मात्र तयारीला लागली होती. "मेक्सिकोला कुठली जीप जाते?"

"विमानाने जातात," इरा म्हणाली.

"ते पुढं. मोखाड्यापर्यंत तर जीपच ना?"

इराला हे पटलं.

*

इरामुळे माझ्या डोक्यात आलं की जगाला फिरवणाऱ्या या बाईने, म्हणजे मी, स्वतःच्या घराला कधी फिरवलेलं नाही. ही बाई तरी कुठं फिरलीय म्हणा, नाशिकच्या पुढे नाही. मे महिन्यात दादा-वहिनी परत आले होते. मी जाहीर केलं, उद्या सगळे जव्हारला. राजवाडा बघू, खाऊ-पिऊ, संध्याकाळी परत. जीप ठरवली.

"काम काय हाय तिकडं?" आजाने विचारलं.

"काम नाही. फिरायचं."

"मंग जायचं काहाला?"

सकाळी मी आवरून बाहेर आले तर जीपच्या टपावर भांडी, गोधड्या, तांदळाचं गाठोडं, तवा, पहार, आणि डालग्यात ती कोंबडी. आजी म्हणाली, "मिठाची पुडी तेवढी घे गं चुलीपाशी हाय."

मी अंगणात उभी राहून आरडाओरडा केला. सहल म्हणजे काय यावर मी भाषण दिलं. माझ्या डिप्लोमाचा उल्लेख दोनदा आला. सगळे शांतपणे ऐकत होते. मग वहिनी हळूच म्हणाली, "वन्सं, सगळी एका जीपमध्ये बसतो ते जगायलाच जातो ना."

जगायला जाणं म्हणजे आमच्याकडे पोटासाठी घर सोडणं, वीटभट्टीवर नाहीतर बिल्डिंगच्या कामावर. हा शब्द मी लहानपणापासून ऐकतेय. त्या सकाळी तो मला पुन्हा शिकावा लागला.

सामान उतरवायला वेळ नव्हता. आम्ही तव्यासकट राजवाड्याला गेलो. तिथं बर्फाच्या गोळेवाल्याने टपाकडे बघून आपुलकीने विचारलं, "कुठल्या साइटवर चाललात?" बाबा म्हणाले, "कुठंच नाय. ही पोरगी शिकलेली हाय." एवढ्यावरून त्याला सगळं समजलं.

राजवाडा सोनीने पाहिला असावा, खात्री नाही. आजाने लाल गोळा खाल्ला आणि त्याच्या पांढऱ्या मिशा लाल झाल्या, ते तिने नक्की पाहिलं, कारण ती हसता हसता पायरीवर आडवी झाली. मग आजी हसली. मग खुद्द आजा. वहिनीने सोनीला मांडीवर घेतलं ते परत येईपर्यंत खाली ठेवलं नाही.

रात्रीचं जेवण झाल्यावर मी सोनीला माझ्या पद्धतीने विचारलं, "आजच्या सहलीत तुला सर्वांत जास्त काय आवडलं?" मला मिशा अपेक्षित होत्या.

ती म्हणाली, "आपण सगळे परत आलो."

तीन वर्षांची होईपर्यंत सोनी आईबापाबरोबर भट्टीवर जायची. नंतर जीप त्यांना घेऊन जायची आणि ती अंगणात उभी असायची. मी विचारायच्या आधी एवढं तरी आठवायला हवं होतं.

*

जूनमधली सकाळ. दोन गाड्या एकदमच आल्या. एक वसईच्या पाहुण्यांची, आईबाप आणि दोन पोरं. दुसरी मामाची जीप, सोनीला आश्रमशाळेत न्यायला. पाहुणे लवकर आले होते, जीपला उशीर झाला होता. ओटीवर पाहुणे बसले आणि पडवीच्या दारात सोनी, तेल लावून, दोन वेण्या घालून, पत्र्याच्या पेटीवर. पेटी वहिनीने भरली होती. दादा शेतावर निघून गेला होता, वहिनी दिसत नव्हती.

आजा, बाबा आणि मोठे काका दाराशी एका ओळीत उभे राहिले. पाहुण्यांना सोनी दिसू नये म्हणून. तिघांच्या पायांमधून ती व्यवस्थित दिसत होती.

वसईच्या धाकट्या मुलाने वाकून पाहिलं. "ती कोण आहे?"

"कुणी नाय," मोठे काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून दबक्या आवाजात, "वनू, पोरीला मागनं काढ. मागल्या दाराने जीपमध्ये बसव."

"नाही," मी म्हटलं.

"हळू बोल. पाहुणे हायत."

"पाहुण्यांसमोरच बोलते. ती मागल्या दाराने जाणार नाही, पुढल्या दारानेही जाणार नाही. ती इथंच राहील, समोरच्या शाळेत जाईल, आणि या घरी कुणीही आलं तरी ओटीवर बसेल. हे नको असेल तर खोल्या मी आज बंद करते. आत्ता. यांच्या गाडीत बसून मी स्वतः यांना मोखाड्यापर्यंत पोचवून येते."

वसईच्या बाईने हातातला चहा खाली ठेवला.

"पोरी," आजा म्हणाला, "थोरल्यांनी ठरवलंय."

"ठरवलंय ना? मग कशासाठी ते तिलाच सांगा. ती इथं बसलीय. कुणी नाय म्हणालात ना, मग ते तिच्याकडे बघून म्हणा."

मोठ्या काकांनी आजाकडे पाहिलं. आजाने बाबांकडे पाहिलं. बाबा स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते.

सोनी पेटीवरून उतरली, त्या तिघांच्या मधून वाट काढून ओटीवर आली, आणि वसईच्या मुलाशेजारी बसली.

मामाने जीपचा हॉर्न वाजवला. थोड्या वेळाने पुन्हा वाजवला.

मग आजाने पेटी उचलली, आणि जीपकडे नाही, आत नेऊन ठेवली.