अनसूयेच्या वाडीची दुसरी वाटणी

अनसूया, हे तू फोनवर वाचणार, म्हणजे दोन ओळी वाचून खिडकीबाहेर बघत बसणार. तरी लिहिते. बेंगळुरूला लेकाच्या, यतीनच्या घरातून तुला काय दिसतं कोण जाणे. इथे मी स्वयंपाकघरात कांदा चिरत असते तेव्हा तुझ्या चिकूच्या शेंड्यात उभी असते. हे तूच मला सांगितलंस आणि तेव्हापासून माझा कांदा कधी बारीक चिरला गेला नाही.

हे इतरही वाचणार आहेत, म्हणून तुला ठाऊक असलेलंही सांगावं लागेल. वैतागू नकोस. तू वैतागत नाहीसच, ते खातं माझ्याकडे.

तू गिरीज गावची, जवळच्या वटारला राऊतांच्या वाडीत सून म्हणून आलीस. केळी, नारळ, पानवेल, मोगरा. तुझे यजमान विद्याधरराव पहाटे फुलांच्या करंड्या घेऊन बाजाराला जायचे आणि तू पाटाचं पाणी या आळ्यातून त्या आळ्यात फिरवत असायचीस. मग दोघा भावांची वाटणी झाली. मध्ये बांध पडला. पण विहीर आणि तिच्याकडे जायची अरुंद पट्टी कोणाच्याच नावावर घातली नाही. दोघांच्या झाडांना पाणी तिथूनच, म्हणून ती तशीच ठेवायची, ही तुमच्याकडची रीत. पुढे विद्याधरराव गेले आणि तुझ्या दिराने ती पट्टी गुपचूप स्वतःच्या नावावर करून घेतली. मग स्वतःच्या हिश्शासकट विकली. विहीर बुजली, आमची इमारत उभी राहिली. बिननावाची जमीन कोणीही खातं, एवढं तू त्यातून शिकलीस.

कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर मी त्याच इमारतीत फ्लॅट घेतला. राहायला आले त्या आठवड्यात तू खाली गाड्यांमध्ये उभी राहून माझ्या खिडकीकडे टक लावून बघत होतीस.

"काय हवंय?" मी वरून ओरडले.

"काही नाही. चिकू बघते."

"कुठाय इथे चिकू?"

"तुम्ही त्यातच आहात, मॅडम."

मी खिडकी लावून घेतली. वेडी बाई, म्हटलं. चार दिवसांनी तुझ्या झोपाळ्यावर बसून चहा पीत होते.

तिथे तू काढलेलं वाडीचं चित्र पाहिलं. महिला मंडळाच्या संगणक वर्गात बाकीच्या बायका टायपिंग शिकल्या, तू झाडं काढायला शिकलीस. यतीनचा जुना लॅपटॉप, त्यातला सगळ्यात साधा चित्रांचा प्रोग्राम आणि माउस. केळी म्हणजे नुसते हिरवे फराटे. पण प्रत्येक झाड आपल्या जागेवर. तू झोपाळ्यावर डोळे मिटून बसायचीस आणि मनातल्या मनात वाडीतून चालत जायचीस, अनवाणी. दुपार केळीच्या पानांतून गाळून ओटीवर पडायची, झोपाळ्याची कडी हळू कुरकुरायची, आणि बऱ्याच वेळाने डोळे न उघडता तू म्हणायचीस, "इथे बकुळ." मग उठून एक बकुळ काढायचीस. चहाला उकळी यायची वाट न बघणारी मी, तिथे तास न् तास बसत असे. का, ते मला अजून सांगता येत नाही.

"हा आंबा कधी तोडला?" मी एकदा विचारलं.

"यतीनच्या जन्माआधी."

"आणि त्याच जागी हा शेवगा?"

"तो मागच्या वर्षी लावला."

"मग दोन्ही एकदम कसे उभे? एकावर एक?"

"माझ्या डोळ्यात एकदमच आहेत."

खरंच, त्या शेवग्याच्या शेंगा आंब्याच्या मोहोरातून लोंबत होत्या. फणस पिकलेला, मोगरा भरात, बकुळीचा सडा, सगळं एकाच वेळी. कुठलं वर्ष, कुठला महिना, काही नाही. माझं स्वयंपाकघर कुठे येतं तेही तू बोटाने दाखवलंस. चिकूच्या वरच्या फांदीवर, पोपटांच्या शेजारी.

मग लॅपटॉप रेंगाळायला लागला. सुरू होईपर्यंत तुझं आमटीला फोडणी देऊन व्हायचं. यतीन आला तेव्हा एका पेनड्राइव्हवर लिनक्स घालून देऊन गेला. "आई, विंडोज आहे तिथे राहू दे. बाजूला ही दुसरी सिस्टीम टाक. हलकी आहे, पळेल." तूही हो म्हणालीस. आणि एका दुपारी तुझा फोन आला.

"मॅडम, वाडी गेली."

मला वाटलं, उरलेलीही दिराने विकली. घरातल्याच चपला घालून धावले. ओटीवर लॅपटॉप उघडा, पडदा काळा, वर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ: सुरू करण्याजोगी एकही सिस्टीम सापडत नाही.

"काय केलंस?"

"यतीनने सांगितलं तेच. सगळं नीट चाललं होतं. अगदी शेवटी लॅपटॉप म्हणाला, बसवता येत नाही. बंद करून चालू केला तर हे."

"यतीनला कळवलंस?"

"नको. तो म्हणेल, आई, नवा घेऊन देतो."

आणि नव्यात वाडी नसणार. ते चित्र यतीनला ठाऊकही नव्हतं. तुला ठाऊक होतं, आणि मला.

"चित्राची दुसरी प्रत कुठे ठेवलीस?"

"वाडीची प्रत कशी असेल, मॅडम?"

त्यावर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेजारच्या वाडीतल्या कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या.

पेनड्राइव्ह पुन्हा खुपसला. त्यावरची सिस्टीम काही न बसवता नुसती चालवूनही बघता येते, तशी चालवली. डिस्कचे तुकडे दाखवणारी खिडकी उघडली. एक लांबलचक तुकडा, तो विंडोजचा. एक आखूड, तो नव्या लिनक्सचा. आणि सुरुवातीला एक चिंचोळी पट्टी. रिकामी.

"हिच्यात काय होतं?"

वाऱ्यावर केळीचं एक पान फाटत होतं, ते तू ऐकत राहिलीस.

"अनसूया, मी विचारतेय."

"ती कोणाच्याच नावावर नव्हती. नाव नाही, गाव नाही, एवढीशी पट्टी. म्हटलं, पुढे भांडण नको. पुसून नव्याच्या नावावर करून टाकली."

"अगं बाई, ती विहीर होती!"

मग मी तुला सांगत सुटले. मशीन सुरू झालं की आधी त्या पट्टीत डोकावतं. कुठली सिस्टीम कुठे आहे, कशी उठवायची, हे तिथे मांडलेलं असतं. पट्टी एकच आणि दोघींनी तिथूनच प्यायचं. तू विंडोजचं पाणी पुसलंस. वर ती पट्टी नव्याच्या पद्धतीने तयार केलीस, आणि ती पद्धत मशीनला वाचता येत नाही. म्हणून नव्यालाही तिथे पाय ठेवता आला नाही. दोघी तहानलेल्या.

तू पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिलीस.

"म्हणजे मी भाऊजींनी केलं तेच केलं."

"हो," मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं?

"आणि झाडं?"

"झाडांना तू हात लावलेला नाहीस. बघू या."

लांबलचक तुकडा उघडला. विंडोज पुरती बंद न झाल्यामुळे त्यात काही बदलता येणार नाही, नुसतं बघता येईल, अशी ताकीद आली. बघायचंच होतं. मी चित्र शोधून काढलं आणि तू माझ्या खांद्याला धरलंस. तुझी नखं रुतली. पडदा क्षणभर पांढरा राहिला, मग तो हिरवा, तो मोहोर, ते पोपट. पलीकडे खरी वाडी होती, उन्हात पेंगलेली, अर्धीच उरलेली. अलीकडे ही. आपण दोघी मध्ये ओटीवर, कुठल्या वाडीत बसलोय ते मला थोडा वेळ कळेना. तू रडली नाहीस. "बकुळीला पाणी पोचलं," एवढंच म्हणालीस.

आधी चित्र दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवलं, सक्तीने. मग माझ्या लॅपटॉपवरून विंडोजच्या दुरुस्तीचा पेनड्राइव्ह करून आणला. पट्टी मशीनला वाचता येईल अशी पुन्हा तयार केली आणि एका ओळीची आज्ञा देऊन विंडोजचं सामान तिथे ठेवून दिलं. ती ओळ मी तीनदा चुकवली आणि तिन्ही वेळा तुलाच ओरडले. विंडोज उठलं. तू त्याला नमस्कार केलास.

मग पुन्हा लिनक्स. पट्टीपाशी आल्यावर तुझं बोट थांबलं.

"हिचं काय करू?"

"वापरायची. पुसायची नाही."

"आणि नाव?"

"कोणाचंच नाही."

"आपल्याकडच्यासारखं," तू म्हणालीस आणि पुढे गेलीस. पाव तासाने काळ्या पडद्यावर दोन्ही नावं एकाखाली एक आली.

तिथेच हे संपायला हवं होतं. पण तू चित्र उघडलंस, डोळे मिटून चालायला लागलीस आणि गोठ्याच्या मागे अडलीस. चित्रात तिथे जमिनीवर एक निळसर सावली काढलेली होती, गोल, थंड. वर झाड नव्हतं.

"सावली आठवते," तू म्हणालीस. "त्यात मी यतीनला निजवायची. झाड कुठलं, ते येत नाही."

तुमच्या माडांवर चढणारा शांताराम आता जूचंद्रला मुलाकडे असतो. त्याला फोन लावला. चित्रही पाठवलं. त्याच्या फोनवर ते तळहाताएवढं दिसलं.

"ही काय मुंगीची वाडी हाय?" तो म्हणाला. "अशानं नाय आठवत, बाय. मोठं घेऊन या. पानी प्या, बसा, मंग मी सांगतो गोठ्यामागं काय व्हतं ते."

येत्या रविवारी जायचं ठरवलं. रविवारी तुझी सुकेळी, सोललेली केळी, अंगणात वाळत घातलेली होती आणि आभाळ भरलेलं, तू हलली नाहीस. मी चिडले. पुढे माझं डोळ्याचं ऑपरेशन निघालं, तेव्हा तू मला चिडू दिलं नाहीस. मग यतीन आला आणि थोडे दिवस म्हणून तुला घेऊन गेला. लॅपटॉप तुझ्या कपाटात राहिला, किल्ली माझ्याकडे.

परवा शांतारामचा फोन आला. "कवा येता?"

"बाई आली की."

"लवकर या म्हनावं. माजं बी आता निसटतं."

मी एकटी लॅपटॉप घेऊन जाऊ शकते. नायगावला उतरून रिक्षा करायची, इतकंच. पण तो झाडाचं नाव घेईल तेव्हा हेच ते, असं म्हणणारं तिथे कोणी असणार नाही. सावलीत तू बसली होतीस, मी नाही. किल्ली पर्समध्ये घालून दोनदा तुझ्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले. जूचंद्र राहिलं आहे.