तांबड्या कोंबडीचं अंडं

लसूण आणि हळद एकत्र वाटल्याचा वास आला, की मला कळंबजवळच्या आमच्या गावातला तो उन्हाळा आठवतो. आईने गिरिराज जातीच्या कोंबड्या पाळल्या होत्या. माद्या अंड्यांसाठी ठेवायच्या आणि कोंबडे वजनाला भरले की विकायचे. अंगणात तिची चाहूल लागली, की सगळ्या जाळीशी धावत यायच्या. एका सकाळी कुणीच धावलं नाही. बऱ्याच मरून पडल्या होत्या, उरलेल्यांच्या माना पिळवटल्या होत्या. गुरांचे डॉक्टर दारातूनच म्हणाले, "मानमोडी आहे, मावशी. आता लस देऊन फायदा नाई." तरी आई दिवसभर तापल्या पत्र्याखाली बसून एकेकीच्या चोचीत हळद-लसणाचं पाणी सोडत राहिली. संध्याकाळी तिच्या मांडीवर एकच तांबडी कोंबडी उरली. ती थरथरली, तिने एक अंडं घातलं, कवच नसलेलं, ओल्या कातडीसारखं मऊ, आणि मान टाकली. "फेकून दे ते," खड्डा खोदता खोदता बाबा म्हणाले. "गरम हाये ना अजून," आई म्हणाली, आणि ते थंड होईपर्यंत ओंजळीत धरून बसली. मग तिनेच ते त्या कोंबडीच्या पोटाखाली ठेवलं आणि माती लोटली. आता त्या खुराड्यात आम्ही सरपणाच्या तुराट्या रचतो. परवा मी आईला म्हटलं, "थोडी पिल्लं आणू का पुन्हा? या वेळी लस वेळेवर देऊ." ती तांदूळ निवडत राहिली. "कायले?" ती म्हणाली. "मंग त्या आपल्याले ओळखाले लागतेत."